पप्पांचे ३८ टक्के आणि एजंटचे ४५

कोल्हापूरहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीये, आपण तिला 'लेक' म्हणू. पत्र मोठं आहे, मी कामापुरतं देते.

"ताई, माझे पप्पा ५४ वर्षांचे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून-छिनून साफ करायच्या कामाला, २६ वर्षं झाली. गेली पाच-सहा वर्षं ऐकू कमी येतंय, आता तर समोर बसून बोललं तरी 'हं हं' करतात आणि भलतंच उत्तर देतात. आईला वाटतं मुद्दाम करतात, त्यावरून रोज भांडण. मागच्या महिन्यात नाईट शिफ्ट सुटल्यावर त्यांना तसंच एका खाजगी क्लिनिकमध्ये नेलं, कानाची टेस्ट केली. उजवा कान ३४ टक्के, डावा ५८, मिळून ३८ असं लिहून दिलंय. दिव्यांग सर्टिफिकेटच्या सवलतींना ४० पाहिजेत म्हणे. ओळखीचे एकजण म्हणतात आठ हजार द्या, ४५चं सर्टिफिकेट काढून देतो, मग महिन्याला पेन्शन, एसटी, रेल्वे सगळं मिळेल. पप्पा तर ऐकायलाच तयार नाहीत, 'मी काय बहिरा हाय काय' म्हणतात. पगार १९ हजार आहे, ईएसआय (कामगार विमा) कापतात. काय करू?"

अगं लेकी, आधी ते आठ हजार बाजूला ठेव, त्याचं पुढे बघू. मला तुझ्या पत्रात पैशापेक्षा दोन गोष्टी जास्त खटकल्या आणि त्या दोन्हींबद्दल तू काही विचारलेलंच नाहीस.

पहिली म्हणजे नाईट सुटल्यावर तसंच टेस्टला नेलंस. रात्रभर ग्राइंडर आणि चिपिंग हॅमरच्या आवाजात उभं राहून आलेला माणूस, त्याचा कान तेव्हा दमलेला असतो गं, बधिर झालेला असतो, लग्नात डीजेसमोर नाचून घरी आल्यावर आपल्याला सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं वाटतं ना तसंच. तो बधिरपणा काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने उतरतो. म्हणून अशा टेस्टच्या आधी निदान चौदा-सोळा तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. म्हणजे हे जे ३८ आलेत ते पप्पांच्या कानाचे किती आणि त्या रात्रीच्या शिफ्टचे किती हे आज कुणीच सांगू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी केली असती तर आकडा कमी आला असता अशीच शक्यता जास्त. वाईट वाटेल वाचून पण खरं ते सांगते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, उजवा ३४ आणि डावा ५८. आवाजामुळे कान जातात तेव्हा सहसा दोन्ही साधारण सारखेच जातात, कारण आवाज काय एका बाजूला उभा राहून येत नाही. थोडाफार फरक असतो, पण एवढा? एवढा फरक असेल तर कानाच्या डॉक्टरने बघायलाच पाहिजे की डाव्या कानात अजून काय आहे. नुसता मळ असेल, पडद्याला भोक असेल, लहानपणापासून कान फुटत असेल आणि कुणी लक्ष दिलं नसेल, आणि क्वचित आतल्या नसेवर गाठ असते, त्यासाठी कधीकधी एमआरआय करायला सांगतात. घाबरवत नाहीये, बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण सर्टिफिकेटच्या नादात हे राहून जायला नको. आणि पडद्याचं किंवा मधल्या कानाचं काही असेल तर ते औषधाने नाहीतर ऑपरेशनने सुधारू शकतं, मग तर टक्के अजून खाली येतील आणि ते चांगलंच ना गं! टक्के कमी झाले म्हणून रडणारी माणसं मी बघितलीत म्हणून म्हणते.

आता ३८ येतात कुठून ते समजून घे, म्हणजे तुला कुणी गंडवणार नाही. टेस्टमध्ये चार सूर बघतात, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ, त्यांची सरासरी काढून एकेका कानाचे टक्के ठरतात. मग दोन्ही कानांचे मिळून काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन. चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, अधिक खराब कानाचे, भागिले सहा. पप्पांचं बघ, ३४ गुणिले ५ म्हणजे १७०, त्यात ५८, झाले २२८, भागिले ६ म्हणजे ३८. क्लिनिकवाल्याचं गणित बरोबर आहे. याच हिशोबाने एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असला तरी जेमतेम १७ टक्के येतात, आणि लोक बिचारे 'एक कान पूर्ण बंद आहे' म्हणून मोठ्या आशेने रांगेत उभे असतात. टक्के चांगला कान ठरवतो, एवढं लक्षात ठेव.

आणि फेटलिंगवाल्यांची यात अजून एक गोची होते. आवाजाने कान जातो तो आधी बारीक सुरांचा, ४०००च्या आसपास पहिला खड्डा पडतो. जाड सूर कितीतरी वर्षं चांगले राहतात. आता सरासरी काढली की जाडे सूर त्या बारीक सुरांचं नुकसान झाकून टाकतात. आणि बारीक सूर गेले म्हणूनच पप्पांना बोललेलं ऐकू येतं पण समजत नाही. 'स', 'च', 'त', 'फ' ही अक्षरं बारीक सुरांची, तीच गळतात, 'चहा' म्हणलं की 'हा' राहतो. आवाज पोचला म्हणून ते 'हं' म्हणतात आणि शब्द पोचला नाही म्हणून भलतंच उत्तर देतात. आईला हे एवढं एक वाचून दाखव. मुद्दाम करत नाहीयेत ते. माझ्या घरीही हेच झालं होतं, माझे स्वतःचे दोन्ही कान ऐकण्याच्या मशीनवर आहेत आणि मशीन लागायच्या आधीची चार वर्षं मी घरात 'आखडू' म्हणून प्रसिद्ध होते.

आता एजंट. तुमचे ते ओळखीचे जे कोण असतील ते. २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या खोट्या दिव्यांग सर्टिफिकेटचं जे प्रकरण गाजलं तेव्हापासून महाराष्ट्रात जुन्या सर्टिफिकेटांचीही फेरतपासणी चाललीये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि यात आधी अडकणार पप्पा, सही त्यांची असणार. शिवाय कानाचं नाटक करणं वाटतं तेवढं सोपं नाही, सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डाला शंका आली की बेरा नावाची टेस्ट करायला लावतात, डोक्याला वायरी चिकटवून, त्यात माणसाने बटण दाबायचंच नसतं, झोपला तरी चालतं, मेंदूपर्यंत आवाज पोचला की नाही ते मशीन आपलं आपण बघतं.

पण समज ४५चं सर्टिफिकेट खरंच मिळालं असतं, तरी तुमच्या हातात काय पडलं असतं? तो माणूस सांगतो ती यादी मी जरा तपासली तुमच्या घरासाठी. महिन्याची पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार, दिव्यांगांना आता २५०० मिळतात हे बरोबर, पण त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, पप्पांचा नुसता पगारच वर्षाला २ लाख २८ हजार आहे. गेली पेन्शन. रेल्वेची सवलत ऐकू न येणं आणि बोलता न येणं दोन्ही एकत्र असणाऱ्यांना आहे, नुसत्या कमी ऐकणाऱ्याला नाही, ही तर मलाही मिळत नाही आणि माझे टक्के ६० च्या वर आहेत. इन्कम टॅक्समधली ७५ हजारांची वजावट, ८०यू म्हणतात ती, पण पप्पांना टॅक्सच बसत नाही तर वजावट कशातून करणार. राहिली एसटी, ७५ टक्के सवलत, ती खरंच चांगली आहे, आणि पगारातून कापला जाणारा प्रोफेशनल टॅक्स वाचतो, वर्षाचे अडीच हजार. म्हणजे आठ हजार देऊन, तुरुंगाची टांगती तलवार घेऊन, एसटीचं हाफपेक्षा कमी तिकीट आणि वर्षाचे अडीच हजार. यालाच म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

(बाकी वाचणाऱ्यांसाठी, हा हिशोब या एका घराचा आहे हं. ज्यांचं उत्पन्न कमी आहे आणि टक्के खरोखर ४० च्या वर आहेत त्यांनी तहसीलला निराधारचा अर्ज जरूर करा, ग्रामपंचायतीत-नगरपालिकेत दिव्यांगांचा ५ टक्के निधी असतो त्याचीही चौकशी करा, लाजू नका.)

आता खरं जिथे जायला पाहिजे त्या दाराकडे येते, आणि ते तू पत्रात अगदी शेवटी एका वाक्यात टाकून दिलंयस. ईएसआय कापतात!

आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्यात धरलेला आहे, व्यावसायिक आजारांच्या यादीत त्याचं नाव आहे. सहा महिने सलग अशा आवाजाच्या कामावर असलेल्या माणसाला हा आजार झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालतात, तसं नाही हे समोरच्याने दाखवायचं. पप्पांची तर २६ वर्षं. इथे ४० टक्क्यांची ती रेघ नाहीये. ईएसआयचं मेडिकल बोर्ड वेगळंच बघतं, या माणसाची कमावण्याची क्षमता किती टक्के घटली. तो आकडा ठरला की पगाराच्या ९० टक्के रकमेवर त्या प्रमाणात दरमहा पैसे सुरू होतात, आणि नोकरी चालू असली तरी मिळतात. ढोबळ सांगायचं तर १९ हजाराचे ९० टक्के म्हणजे १७,१००, बोर्डाने समजा १० टक्के घट धरली तर महिन्याला १,७१० च्या आसपास. किती धरतील ते मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण हा पप्पांच्या स्वतःच्या वर्गणीचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

कसं करायचं? ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि 'कान दुखतो' असलं मोघम बोलू नका. फेटलिंगमध्ये २६ वर्षं, ग्राइंडरचा आवाज, रोज आठ तास, कधी डबल शिफ्ट केली असेल, कानात सतत कुकरसारखी शिट्टी वाजत असेल तर तेही, हे सगळं केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरने नाही लिहिलं तर तू साध्या कागदावर लिहून दोन प्रती ने, एक द्यायची, एकीवर पोच घ्यायची. कानाच्या तज्ज्ञाकडे रेफर मागा, आणि हा कामामुळे झालेला आजार म्हणून बोर्डापुढे जायचंय हे त्यांना स्पष्ट सांगा. कंपनीकडून कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं याचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाही मिळालं तर जुन्या पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, काहीही ज्यावर खातं लिहिलेलं असेल. कंपनीत वर्षातून एकदा तपासणीची गाडी येत असेल तर त्यात कानाची टेस्ट केली होती का विचार, त्याच्या कॉपी मागा, पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा रिपोर्ट शेजारी ठेवला की तुम्हाला काही बोलायची गरजच नाही. आणि हे सगळं नोकरीत असतानाच करा. रिटायर झाल्यावर खातं कुठलं होतं, मशीन कुठली होती हे सिद्ध करत बसायला फार त्रास होतो.

मशीनही तिथूनच मिळतं, विमा असलेल्या कामगाराला ईएसआय ऐकण्याचं यंत्र देतं, ते मागून घ्या. मोबाईलवर ९९९ रुपयांची जी जाहिरात दिसते ना ती घेऊ नकोस बाई, ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, पप्पांचे जाडे सूर त्यामानाने शाबूत असणार, ते अजून मोठे झाले की डोकं भणभणेल आणि दोन दिवसांत यंत्र कपाटात. त्यांना बारीक सूरच उचलून देणारं, रिपोर्टप्रमाणे सेट केलेलं डिजिटल मशीन लागेल. आणि मशीन वापरलं तर सर्टिफिकेट मिळत नाही ही अफवा आहे, टेस्ट मशीन काढूनच करतात.

नोकरीला धोका होईल का, हे तू विचारलं नाहीस पण पप्पा त्याच भीतीने गप्प आहेत असं मला वाटतंय. इथे मी गोड बोलणार नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा घटवता येत नाही, हे त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये आहे पण ते सरकारी आस्थापनांसाठी आहे, खाजगी फाउंड्रीला ते लागत नाही. म्हणून आधी सुपरवायझरशी भांडायला जाऊ नका. आधी दवाखाना, कागद, पोच. युनियन असेल तर त्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला कानावर घाला, फेटलिंगमध्ये पप्पा एकटे असे असणं शक्यच नाही, बाकीचेही 'हं हं' करतच असतील.

यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखकार्डाचं म्हणशील तर करा तोही अर्ज, फुकट आहे. पण आधी डाव्या कानाचं निदान आणि दोन दिवस सुट्टी घेऊन नवीन टेस्ट, मगच. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा टाकून भरायचा, दवाखाना निवडायचा, पावती प्रिंट करून ठेवायची. खाजगी रिपोर्ट सोबत न्या पण तो तिथे चालेलच असं नाही, ते स्वतःची टेस्ट करतात. बोर्डाचे वार ठरलेले असतात, आधी चौकशी करूनच सुट्टी टाका. टक्के ४० च्या खाली आले तर पांढरं कार्ड मिळतं, ४० ते ८० ला पिवळं, वर निळं. पांढऱ्यावर सवलती जवळजवळ नाहीत, पण अमुक तारखेला कान एवढा होता याचा सरकारी कागद तुमच्याकडे होतो, आणि ईएसआयच्या केसला किंवा पाच वर्षांनी पुन्हा तपासायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो. आकडा चुकीचा वाटला तर अपील करता येतं, त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९.

बोर्डाला जाताना पप्पांना एकटं पाठवू नकोस. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा कानाच्या तपासणीच्या रांगेत शिपाई दाराआडून नाव पुकारत होता. कानाच्या रांगेत! मी बारा वाजेपर्यंत बसून राहिले, माझं नाव दोनदा होऊन गेलं होतं. शेवटी शेजारच्या आजोबांच्या नातीने मला हलवलं.

आणि ती टेस्ट. पप्पांसारखी माणसं, ज्यांनी वर्षानुवर्षं 'मला येतंय ऐकू' म्हणून निभावून नेलंय, ती तिथेही निभावतात. हेडफोन लावला की समोरच्या मॅडमच्या चेहऱ्याकडे, हाताकडे बघून अंदाजाने बटण दाबतात. मीही दाबलं होतं, नापास व्हायची भीती वाटते गं, एवढं मोठं माणूस असून. मग आकडा कमी येतो नाहीतर तीन वेळा केली तर तीन वेगळे येतात आणि मॅडम चिडतात. त्यांना पाठ करून बसव, डोळे मिटायला सांग, आणि खरंच 'टी' आवाज कानात आला तरच दाबा, आल्यासारखं वाटलं तर नाही दाबायचं.

'मी काय बहिरा हाय काय' याला उत्तर देत बसू नकोस. त्यांना म्हण, पप्पा, तुम्ही बहिरे नाही, ग्राइंडरने तुमचा कान खाल्लाय आणि त्याचा हिशोब मागायचाय. फाउंड्रीतल्या माणसाला हिशोब हा शब्द बरोबर कळतो. आणि आजपासून कामावर कानात कापसाचे बोळे घालून जात असतील तर ते बंद, कापसाने काही अडत नाही, कान झाकणारे चांगले मफ कंपनीकडे मागा, नाही दिले तर विकत आणा, त्या आठ हजारातूनच आण हवं तर.

नवीन टेस्ट झाली की दोन्ही कानांचे आलेख आणि डाव्या कानाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून पाठव.